'उद्यापासून बंद' म्हणतो, पण सुटत का नाही? व्यसनामागचं मेंदूचं रसायन समजून घ्या

सोलापूर : 'उद्यापासून बंद. आईशप्पथ!' हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं घर शोधायला निघालात, तर दमून जाल. कुणी पाडव्याला तंबाखूची पुडी फेकतो, कुणी श्रावण पाळतो, कुणी आषाढीला पंढरपुरात माळ घालून येतो. चार दिवस, कधी चार महिने बरे जातात. मग एखाद्या संध्याकाळी तोच माणूस त्याच टपरीसमोर उभा दिसतो. घरचे म्हणतात, 'याच्या मनातच नाही सोडायचं.' तो स्वतःही मान खाली घालून तेच म्हणतो, 'माझ्यात दमच नाही.'

मेंदूवर गेल्या सत्तर वर्षांत झालेलं संशोधन मात्र वेगळं चित्र दाखवतं. शपथ घेणारा मेंदूचा भाग वेगळा आणि तलफ उठवणारा भाग वेगळा. पहिला कपाळामागे बसून विचार करतो. दुसरा मेंदूच्या खोलवर असतो आणि विचार होण्याआधीच कामाला लागतो. व्यसनात या दुसऱ्या भागाची रसायनं बदललेली असतात. ती एका शपथेने जागेवर येत नाहीत, पण वेळ, उपचार आणि सोबत मिळाली तर बरीचशी येतात.

हे समजून घेणं का गरजेचं आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात दिसलं. बाकीचे ३७ जण शपथा, भांडणं आणि बदनामी यातच अडकून राहतात.

डोपामिन म्हणजे नेमकं काय?

मोबाइलवर रील्स पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हा शब्द आलेला असतो. 'आनंदाचं रसायन' अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती अर्धीच बरोबर आहे.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात. एक पेशी रसायन सोडते, समोरच्या पेशीवरच्या 'रिसेप्टर'मध्ये ते जाऊन बसतं आणि निरोप पोहोचतो. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली, असं समजा. डोपामिन ही अशीच एक किल्ली आहे.

१९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. खटका दाबला की मेंदूच्या एका विशिष्ट भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा दाबू लागले, काही तर तासाला शेकडो वेळा. पुढे कळलं की या मार्गात डोपामिनची मोठी भूमिका आहे. मध्यमेंदूतून निघून पुढच्या भागात जाणाऱ्या या रस्त्याला आज 'रिवॉर्ड सर्किट', म्हणजे बक्षिसाचा मार्ग म्हणतात.

हा मार्ग व्यसनासाठी तयार झालेला नाही. तो आपल्याला जिवंत ठेवण्यासाठी आहे. भुकेल्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळाली, तहानलेल्याला पाणी मिळालं, कुणी पाठीवर शाबासकीची थाप दिली की डोपामिन वाढतं. त्यातून मेंदूला सूचना मिळते, 'हे कामाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर.'

चटणी खाण्याआधीच तोंडाला पाणी का सुटतं?

डोपामिनचं खरं काम १९९० च्या दशकात स्पष्ट झालं. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशी कधी जाग्या होतात याची नोंद घेतली. सुरुवातीला माकडाला फळाचा रस मिळाला की पेशी जाग्या होत. मग रस देण्याआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात झाली. काही दिवसांत पेशी रसाला नव्हे, त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. खूण दाखवून रस दिला नाही, तर डोपामिन नेहमीपेक्षा खाली जाई.

म्हणजे डोपामिन 'मजा आली' एवढंच सांगत नाही. 'मजा येणार आहे, उठ, चल' असंही ते सांगतं. आणि ठरलेली मजा आली नाही, तर बेचैन करतं.

आता माकडाच्या जागी आपला माणूस ठेवा. तंबाखूच्या पुडीचा कागद फाटल्याचा आवाज, चहाचा शेवटचा घोट, कारखान्याचा सुटण्याचा भोंगा, पगाराची संध्याकाळ, ठरावीक मित्राचा फोन. या सगळ्या त्याच्या मेंदूने शिकलेल्या खुणा आहेत. खूण दिसली की डोपामिन उसळतं आणि तलफ येते. 'मी सोडलंय' हा विचार त्यानंतर येतो.

तंबाखूला चुना का लागतो?

सोलापूर हे विड्यांचं शहर. इथे हजारो महिला घरी बसून तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या वळतात. पण राज्याची खरी सवय धुराची नाही, तोंडात धरायच्या तंबाखूची आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कुठल्या तरी स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के होते. महिलांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं, म्हणजे साधारण सहापैकी एक.

तळहातावर तंबाखू घ्यायची, नखाने चुना लावायचा आणि अंगठ्याने मळायचं. ही कृती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. तंबाखूतलं निकोटिन दोन रूपांत असतं. एकावर विद्युतभार असतो, दुसऱ्यावर नसतो. भार असलेलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सहज जात नाही, भार नसलेलं झटकन जातं. चुना अल्कलीधर्मी असतो. तो मिसळला की निकोटिनचा मोठा हिस्सा भार नसलेल्या रूपात येतो आणि थेट रक्तात शिरतो. शाळेत लिटमस कागदावर शिकवलेला आम्ल-अल्कलीचा धडाच तळहातावर गिरवला जात असतो. चुन्यामुळे तंबाखू 'लागते' असं लोक म्हणतात, ते अगदी खरं आहे.

रक्तातून निकोटिन मेंदूत जातं. विडी-सिगारेटच्या धुरातून ते १० ते २० सेकंदांत पोहोचतं. ओठाखालच्या तंबाखूतून थोडं हळू पोहोचतं, पण जास्त वेळ टिकून राहतं. मेंदूत 'ॲसिटिलकोलीन' नावाच्या आपल्या स्वतःच्या रसायनासाठी असलेल्या कुलपात निकोटिनची किल्लीही बसते. त्यातून डोपामिन सुटतं. क्षणभर तरतरी येते, लक्ष लागल्यासारखं वाटतं.

सतत किल्ली फिरत राहिली की मेंदू अशा कुलपांची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते जवळपास संपतं आणि सकाळी ही सगळी वाढीव कुलपं रिकामी असतात. 'तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही', 'मशेरी लावल्याशिवाय डोकं चालत नाही' या तक्रारींचं मूळ बरंचसं इथे आहे. सकाळचा पहिला बार नवा आनंद देत नाही. रात्रभरात तयार झालेली बेचैनी तो मिटवतो आणि मेंदूला तेच सुख वाटतं.

डॉक्टर यावरूनच एक साधा प्रश्न विचारतात, 'उठल्यावर किती वेळात पहिली तंबाखू लागते?' उत्तर पाच मिनिटांच्या आत असेल, तर व्यसन खोलवर गेलं आहे असं समजलं जातं.

आवडत नाही, तरी हवी का वाटते?

बरीच वर्षं पिणारा माणूस सांगतो, 'आता मजा येत नाही, पण पिल्याशिवाय राहवत नाही.' ऐकणाऱ्याला हे नाटक वाटतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांच्या संशोधनाने यामागचं कारण दाखवलं. मेंदूत 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं, तरी जिभेवर साखर ठेवली की ती आवडल्याच्या खुणा ते दाखवत. पण साखर समोर असूनही ती घ्यायला उठत नसत. म्हणजे आवड शिल्लक होती, ओढ संपली होती.

व्यसनात नेमकं उलटं होतं. आवड कमी होत जाते, ओढ वाढत जाते. त्यामुळे 'एवढं आवडतं तर पी' असा टोमणा मारून काही साध्य होत नाही. त्यालाही ते आवडेनासं झालेलं असतं.

याच काळात दुसरा एक बदल होतो. डोपामिनचा मारा सतत होत राहिला की मेंदू स्वतःचा आवाज कमी करतो. शेजारच्या मांडवात मोठ्याने स्पीकर लागला की आपण खिडक्या लावून घेतो, तसंच काहीसं. अमेरिकेतल्या डॉ. नोरा व्होल्को यांनी दारू आणि इतर अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. डोपामिनच्या एका प्रकारच्या कुलपांचं प्रमाण त्यांच्या मेंदूत कमी आढळलं. परिणाम दुहेरी होतो. नशेसाठी पूर्वीपेक्षा जास्त लागते आणि लेकराचं हसणं, सणाचं जेवण, जत्रा, सिनेमा यातला रस उडतो. स्पीकर बंद झाला तरी खिडक्या लगेच उघडत नाहीत. व्यसन सोडल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे म्हणूनच इतके बेचव जातात.

दारू अचानक बंद करणं धोक्याचं का?

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. कारण इथे रसायनांची माहिती नसेल तर जीव जाऊ शकतो.

मेंदूला गाडीसारखा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असतो. 'गाबा' नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं, तर 'ग्लुटामेट' ॲक्सिलरेटरचं. दारू ब्रेक जोरात दाबते आणि ॲक्सिलरेटर ढिला करते. म्हणून जीभ अडखळते, तोल जातो, भीड चेपते.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूवर हा ब्रेक कायम दाबलेला असतो. त्यावर मात करायला मेंदू ॲक्सिलरेटर जास्तीत जास्त दाबून ठेवायला शिकतो. मग एक दिवस दारू अचानक थांबते. ब्रेक सुटतो आणि गाडी सुसाट निघते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप आणि रक्तदाब चढतो. 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात ती हीच अवस्था. उपचार मिळाले नाहीत तर ती जीवघेणी ठरते.

याचा मोठा दाखला मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिळाला. दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी त्या शहरातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दारू तुटल्यामुळे गंभीर अवस्थेत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

सोलापूरकरांसाठी आणखी एक इशारा. ताडीत क्लोरल हायड्रेटची भेसळ होते, ही इथली जुनी डोकेदुखी आहे. हे रसायनही शरीरात गेल्यावर गाबाचाच ब्रेक दाबतं. म्हणजे पिणाऱ्याला वाटतं आपण 'साधी ताडी' घेतोय, प्रत्यक्षात मेंदूला झोपेच्या औषधाची सवय लागत असते. ती अचानक तुटली तरी फिट आणि भास यांचा धोका तसाच राहतो.

म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून 'आता बघू कसा पितो' असं करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे चार-पाच दिवस सुरक्षित पार पाडता येतात. तंबाखूचं मात्र तसं नाही. ती एकदम बंद केली तर चिडचिड होते, झोप बिघडते, भूक वाढते, पण जिवाला धोका नसतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात आणि तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो.

प्रत्येकालाच व्यसन का लागत नाही?

एकाच कट्ट्यावर चार मित्र एकाच वर्षी सुरुवात करतात. दोघं थांबतात, दोघं अडकतात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाचा साधारण अर्धा धोका आनुवंशिक असल्याचं दिसतं. उरलेला अर्धा भाग वय, ताण, घरातलं वातावरण आणि वस्तू किती सहज मिळते यावर ठरतो.

यात वय फार महत्त्वाचं आहे. कपाळामागचा, 'थांब, विचार कर' म्हणणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. बक्षिसाचा मार्ग मात्र त्याच्या बराच आधी जोरात धावू लागतो. नववीतल्या मुलाच्या हातात पहिली पुडी पडते, तेव्हा गाडीचं इंजिन तयार असतं, ब्रेक अजून बसवायचे असतात.

ज्या घरात तंबाखूचं सूप दिवसभर मांडीवर असतं, तिथे 'सहज मिळणं' हा मुद्दा वेगळा सांगावा लागत नाही. विडी वळणाऱ्या घरात लहान मुलंही त्याच वासात वाढतात. तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांच्या लघवीत निकोटिनपासून तयार होणारं 'कोटिनिन' सापडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे तोंडात न धरताही त्वचेतून आणि श्वासातून तंबाखू शरीरात जाते.

जागा बदलली तर व्यसन सुटतं का?

१९७१ मध्ये व्हिएतनामच्या युद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांमुळे तिथलं सरकार हादरलं होतं. साधारण दर पाचपैकी एक सैनिक तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधक महिलेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. अंदाज होता की बहुतेकांचं व्यसन सुरूच राहील. प्रत्यक्षात, तिथे व्यसनी झालेल्यांपैकी साधारण पाच टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेले. हेरॉइन सौम्य नव्हतं. बदलल्या होत्या त्या खुणा. ते जंगल, ती भीती, ते सोबती आणि तो सहज मिळणारा माल, सगळं मागे राहिलं होतं.

व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आलेला माणूस जुन्या चौकात येताच का घसरतो, तेही यावरून कळतं. केंद्रात खुणा नसतात, चौकात पावलोपावली असतात.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. हातभट्टी चालणारी मुळेगाव तांड्यासारखी ठिकाणं अधिकाऱ्यांनी दत्तक घेतली, छाप्यांसोबत समुपदेशन केलं आणि त्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्याचा प्रयत्न केला. पोलिसांच्या दृष्टीने हा गुन्हा रोखण्याचा उपाय होता. मेंदूच्या बाजूने पाहिलं, तर गावातली एक मोठी खूण कमी करण्याचाही तो उपाय ठरतो. दारू दोन किलोमीटर लांब गेली की तलफ आणि घोट यांच्यामध्ये थोडा वेळ मिळतो. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, त्यामुळे हा वेळ मोलाचा असतो.

माळ घातली की दारू सुटते, ते कसं?

पंढरपूरच्या या जिल्ह्यात तुळशीची माळ घालून दारू-मटण सोडलेली माणसं गावोगावी भेटतात. यात श्रद्धेचा भाग आहेच. पण मेंदूच्या दृष्टीने पाहिलं तरी माळ बरंच काही बदलते.

पहिलं म्हणजे संध्याकाळ बदलते. कट्ट्याची वेळ हरिपाठाला जाते. दुसरं, सोबत बदलते. तिसरं, गळ्यातली माळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे जुने मित्र स्वतःहून आग्रह सोडतात. चौथं, मेंदूला दुसरं बक्षीस मिळतं. कालपर्यंत 'बेवडा' म्हणणारं गाव 'माउली' म्हणून हाक मारू लागतं. भजन, चालणं, सोबत जेवणं, मान मिळणं यानेही तोच बक्षिसाचा मार्ग जागा होतो, फक्त हळू आणि बेताने.

मग काही जणांची माळ खुंटीला का लागते? कारण माळ घातली, पण संध्याकाळ, सोबत आणि ताण तसाच राहिला तर खुणा जिवंतच असतात. ज्याचा मेंदू दारूवर शरीरानेच अवलंबून झाला आहे, त्याला पहिल्या आठवड्यात औषधांची गरज असते. माळ आणि डॉक्टर यांत निवड करावी लागत नाही, दोन्ही एकत्र चालतात.

मोबाइल, रमी, मटका यांचंही असंच आहे का?

इथे बाहेरून कुठलंही रसायन शरीरात जात नाही, पण डोपामिनचा खेळ तोच असतो. बक्षीस दरवेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल कधी नाही अशा पद्धतीने मिळालं, तर मेंदू जास्त चिकटून राहतो. मटक्याचा आकडा आणि रमीचा पुढचा डाव याच धर्तीवर चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगार आणि गेमिंग यांच्या विकारांना स्थान दिलं असून, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. रोज मोबाइल पाहणारा प्रत्येक जण मात्र व्यसनी ठरत नाही. काम, झोप, पैसा आणि नाती बिघडूनही थांबता येत नसेल, तेव्हाच त्याला विकार म्हणतात.

म्हणजे माणसाचा काही दोषच नाही?

असा अर्थ काढणं चूक ठरेल. मधुमेह झाला हा रुग्णाचा गुन्हा नाही, पण औषध घेणं आणि पथ्य पाळणं त्याच्याच हातात असतं. व्यसनाचंही तसंच. तलफ येणं त्याच्या हातात नसतं, उपचाराला जाणं असतं. पिऊन बायको-मुलांवर हात उगारणं हे आजाराच्या नावाखाली माफ होत नाही. अशा वेळी घरच्यांनी आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी.

उपचारात नेमकं काय होतं?

तंबाखूसाठी निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी देतात. मेंदूच्या कुलपांना थोडं निकोटिन मिळत राहतं, ते हळूहळू कमी केलं जातं आणि दरम्यान हाताची-तोंडाची सवय मोडते. व्हॅरेनिक्लिन हे औषध त्याच कुलपात अर्धवट बसतं. तलफ कमी होते आणि वरून तंबाखू घेतली तरी तिची मजा येत नाही. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं तलफ कमी करतात. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात.

एका गोष्टीपासून सावध राहा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. दारूसाठी डायसल्फिराम नावाचं औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली, तर दारूपासून बनणारं विषारी ॲसिटाल्डिहाइड शरीरात साचतं. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने दिलं तर ते उपयोगी पडतं. जेवणातून लपवून दिलं तर जिवावर बेतू शकतं. जाहिरातीतल्या पुडीत काय आहे हे तर माहीतही नसतं.

औषधांइतकंच समुपदेशन आणि सोबत महत्त्वाची. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीतून 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायचं आणि बाहेर पडलेल्यांनी नव्याने आलेल्यांना हात द्यायचा, ही पद्धत राज्यात तिथून रुजली. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या सभा महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होतात. तिथे कुणी आयुष्यभराची शपथ घ्यायला लावत नाही. 'फक्त आजचा दिवस' एवढंच ठरवायचं असतं. काही मिनिटांची तलफ टाळणाऱ्या मेंदूला हे गणित जमतं.

मेंदू पुन्हा पहिल्यासारखा होतो का?

बऱ्याच अंशी होतो. तंबाखू सोडल्यावर वाढलेली निकोटिनची कुलपं साधारण ६ ते १२ आठवड्यांत मूळ संख्येवर येतात, असं स्कॅनवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मेथसारखं जड व्यसन सोडलेल्यांच्या मेंदूतही साधारण वर्षभरानंतर डोपामिन यंत्रणेत सुधारणा आढळली. खुणांची आठवण मात्र सहज पुसली जात नाही. वर्षानंतरही एखाद्या लग्नात, वरातीत तलफ उठू शकते.

म्हणून एकदा घसरलं म्हणजे सगळं संपलं, असं समजू नका. कुठे, कुणासोबत, कोणत्या वेळी घसरलं हे लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. पुढची खूण तिथूनच सापडते.

घरच्यांनी काय करावं?

- शपथ घ्यायला लावण्यापेक्षा दवाखान्यात सोबत जा.
- रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांना न विचारता एकदम तोडू नका.
- हात थरथरणं, भास, फिट यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.
- घरातून खुणा हटवा. पुडी, चुन्याची डबी, बाटली, लायटर काहीच समोर नको.
- संध्याकाळची ठरलेली वेळ दुसऱ्या कामाने भरा. रिकामी सोडू नका.
- पहिले तीन महिने चिडचिड गृहीत धरा. ती मेंदू सावरत असल्याची खूण असू शकते.
- नकळत कुठलंही औषध देऊ नका.

मदत कुठे मिळेल?

सोलापुरात शासकीय रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'च्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. फोनवरूनही मोफत मदत मिळते. दारू आणि अमली पदार्थांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही. बायको, आई, मुलगी, मित्र कुणीही करू शकतं.